जेवण घरपोच: सोय कुणाची, हिशेब कुणाचा?

मोबाईलवर बोट फिरवले की अर्ध्या-पाऊण तासात गरम बिर्याणी दारात हजर! मोठ्या शहरांत सुरू झालेली ही सवय आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली आहे. २००८ मध्ये हॉटेलांचे मेनू कार्ड दाखवणारी वेबसाईट म्हणून सुरू झालेली झोमॅटो आणि २०१४ मध्ये बेंगळुरूत सुरू झालेली स्विगी, या दोन कंपन्यांकडे आज देशातला हा बहुतेक धंदा आहे. आपल्या मोहल्ल्यांत या ॲपवरून जेवण मागवणारेही आहेत, ते बनवणारेही आहेत आणि बाईकवरून पोहोचवणारी मुलेही आहेत. म्हणून फायदे-तोटे पाहताना तिघांचाही हिशेब मांडायला हवा, असे आम्हाला वाटते.

फायदे काय?

घरात आजारी माणूस असेल, आई-वडील दोघे नोकरीवर असतील, किंवा मुलगा परगावी खोली घेऊन शिकत असेल, तर ही सोय खरोखर मोठी आहे. छोट्या हॉटेलला मोक्याची जागा नसली तरी दूरचे गिऱ्हाईक मिळते. ज्या तरुणाकडे बाईक, लायसन्स आणि मोबाईल आहे त्याला वशिल्याशिवाय काम मिळते. कॉलेज सांभाळून संध्याकाळी चार तास काम करणारी मुले आपण पाहतोच.

आता बिल पाहू

आम्ही वर्गात मुलांना देतो तसे एक सोपे गणित घ्या. समजा हॉटेलात बिर्याणीची प्लेट २०० रुपयांना आहे. ॲपवर तीच २४० ला दिसते. दोन प्लेटचे ४८० झाले. त्यावर पॅकिंगचे २०, डिलिव्हरीचे ४०, प्लॅटफॉर्म फी १५ आणि वर जीएसटी. बिल ५९० च्या आसपास जाते. हॉटेलच्या गल्ल्यावर याच दोन प्लेट जीएसटी धरून ४२० ला पडतात. म्हणजे १७० रुपये फक्त घरी आणण्याचे!

प्लॅटफॉर्म फीचेच पाहा. २०२३ मध्ये ती २ रुपयांपासून सुरू झाली. दोन रुपयांसाठी कोण भांडणार? पुढे ती दहाच्या वर गेली.

मग हॉटेलवाला मालामाल होतो का? तसेही नाही. कमिशन २५ टक्के धरले तर ४८० मधून १२० रुपये जातात, कमिशनवरच्या जीएसटीचे आणखी २२ जातात. हातात ३३८ उरतात. गल्ल्यावर ४०० मिळाले असते. म्हणूनच तो ॲपवर भाव वाढवतो. ‘५० टक्के सूट’ची पाटी दिसते, पण त्या सुटीचा भारही बऱ्याचदा हॉटेलवरच पडतो. हॉटेलचालकांच्या राष्ट्रीय संघटनेने तक्रार केल्यावर भारतीय स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये दोन्ही कंपन्यांच्या चौकशीचे आदेश दिले होते.

किचन कुठले, हलालचे काय?

ॲपवर दिसणारे प्रत्येक नाव म्हणजे वेगळे हॉटेल नसते. पुण्यात सुरू झालेले फासोस आणि बेहरूझ बिर्याणी ही दोन्ही नावे एकाच रिबेल फूड्स कंपनीची आहेत. एका किचनमधून अनेक नावांनी जेवण निघू शकते. त्यामुळे ‘हलाल’ लिहिलेले दिसले तरी पहिल्यांदा मागवताना हॉटेलला थेट फोन करून विचारावे. बिलावर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक आहे का, तेही पाहावे. तो अन्न परवान्याचा असतो. हलालशी त्याचा संबंध नाही.

बाईकवरचा मुलगा

कंपनी या मुलांना ‘पार्टनर’ म्हणते. पण पगार नाही, हक्काची रजा नाही. कमाई ऑर्डरवर, पेट्रोल खिशातून. एखादा रस्त्यात पडला तर त्या दिवशीची कमाई गेलीच, बाईकचा खर्च वेगळा. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ‘प्लॅटफॉर्म कामगार’ ही ओळख कायद्यात आणली आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कंपन्यांनी उलाढालीचा १ ते २ टक्के भाग या कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यावा, अशी तरतूद तिच्यात आहे. म्हणून घरातला मुलगा या कामात असेल तर ई-श्रम पोर्टलवर त्याची नोंदणी आजच करून घ्या. कंपनीच्या विम्याचे कागदही घरात कुणाला तरी माहीत असू द्या.

नावावरून त्रास होतो, हेही खरे. २०१९ मध्ये जबलपूरच्या एका ग्राहकाने डिलिव्हरी करणारा मुस्लिम आहे म्हणून ऑर्डर रद्द केली. तेव्हा झोमॅटोने मुलगा बदलायला नकार दिला, ही चांगली गोष्ट झाली. पण ज्या समाजाला हे टोचते, त्या समाजाने आपल्या दारात आलेल्या मुलाशी, तो कुणीही असो, कसे बोलायचे हे आधी शिकायला हवे.

मग करायचे काय?

ॲप मोबाईलमधून काढून टाका, असे आम्ही म्हणणार नाही. हॉटेल पायी जाण्याइतके जवळ असेल तर स्वतः जा किंवा फोनवर पार्सल सांगा. पैसे वाचतील, हॉटेलवाल्यालाही पूर्ण दाम मिळेल. दूरचे, अडीअडचणीचे असेल तेव्हा ॲप जरूर वापरा. महिन्याच्या शेवटी ॲपमधल्या जुन्या ऑर्डरची बेरीज मुलांकडूनच करून घ्या. पाचशेच्या चार नोटा हातून गेल्या तर लक्षात राहते, मोबाईलवरून गेल्या तर राहत नाही.

आणि रमजानमध्ये इफ्तारच्या तोंडावर ऑर्डर देऊ नका, तासभर आधी द्या. पार्सल आणणाऱ्याचाही रोजा असू शकतो. अजान होताना तो दारात उभा असेल तर दोन खजूर आणि पाण्याचा ग्लास त्याच्या हातात द्या.