कान आणि कानस

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत शिरलं की आधी नजरेत भरतात ते भोपळे. माळ्यावर रचलेले, भिंतीला टेकलेले, दाराशी उन्हात ठेवलेले. तंबोऱ्याचं ते मोठं गोल पोट म्हणजे खराखुरा भोपळा असतो. जातीने कडू, सालीने जाड, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला खास वाद्यांसाठी पिकवलेला. आत कुठे लाकूड तासल्याचा आवाज, कुठे लाखेच्या पॉलिशचा वास, आणि मधूनच कुणीतरी छेडलेली एकच तार.

बघायला येणारा माणूस वाद्यं न्याहाळतो आणि निघताना हमखास विचारतो, ‘मुलं येतात का या धंद्यात?’ मलाही हाच प्रश्न घेऊन यावंसं वाटलं होतं. पण त्याचं उत्तर शोधायला गल्लीच्या आडनावापासूनच सुरुवात करावी लागते.

आज सतारमेकर म्हणवणारी ही घराणी मुळात शिकलगारांची. तलवारी, भाले, कट्यारी यांना धार आणि झिलई देणं हा त्यांचा पिढीजात उद्योग. इंग्रजी अंमल स्थिरावला, फौजा आटल्या, आणि शिकलगाराच्या हाताला कामच उरलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार यांनी वाद्यांकडे मोर्चा वळवला. मिरजेत पटवर्धनांच्या संस्थानात गाण्याला मान होता, बाहेरचे कलावंत येत-जात. त्यांची बिघडलेली वाद्यं दुरुस्त करता करता हे हात वाद्यं घडवायला शिकले, असं मिरजेत सांगतात.

म्हणजे मिरजेची सतार जन्माला आली ती बापजाद्यांचा धंदा सुटल्यामुळे. मला हे फार मोलाचं वाटतं. धंदा सुटला, पण हात सुटला नाही. पात्याला धार लावताना कुठे थांबायचं हे ज्या बोटांना कळत होतं, तीच बोटं पुढे घोडीवर कानस फिरवू लागली.

या कौशल्याची खरी परीक्षा म्हणजे जवारी. तंबोऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, घोडी असते आणि तारा तिच्यावरून जातात. घोडीचा माथा वरवर सपाट दिसतो, पण त्याला अगदी सूक्ष्म उतार दिलेला असतो. छेडलेली तार त्या उतारावर हलकी घासते आणि एका सुरातून अनेक स्वर उमलतात. त्यात घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवायचा. त्याला ‘जीव’ म्हणतात, आणि तो योग्य जागी बसला की तंबोरा बोलू लागतो.

हा उतार मोजपट्टीने काढता येत नाही. कानस एकदा फिरवायची, तार चढवायची, ऐकायचं. पुन्हा उतरवायची, पुन्हा घासायचं. एक हात जास्त पडला तर घासून गेलेलं परत चिकटवता येत नाही. सतारवादकांतही कुणाला खुली जवारी हवी असते, कुणाला बंद. ते सांगायला मोजमापाचे शब्द नाहीत. वाजवणाऱ्याच्या मनातलं कारागिराने कानाने ओळखायचं. असा कान तयार व्हायला वर्षं लागतात. म्हणूनच हे काम घराण्यात टिकलं. कारखान्यातच वाढलेल्या मुलाच्या कानावर चांगली आणि फसलेली जवारी रोज पडते आणि धडा न देताच शिक्षण सुरू होतं.

त्यातच मिरजेत ऐकणाऱ्यांचा शेजार होता. विष्णु दिगंबर पलुसकर इथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले. 1937 मध्ये दक्षिणेत प्रवासात ते वारले, तरी विसावले मिरजेच्याच दर्ग्यात. त्या दर्ग्याच्या उरुसात दरवर्षी गवई आजही हजेरी लावतात. वाद्य घडवणाऱ्याला आपलं वाद्य मैफलीत कसं लागलं हे गावातच ऐकायला मिळे. कारागिराला यापेक्षा मोठी शाळा नाही.

आता मुलांचा प्रश्न. शिकलेला मुलगा हिशेब करतो, आणि तो चूक नसतो. भोपळा पावसापाण्यावर अवलंबून. मनासारखा आकार, मनासारखी जाडी मिळेलच असं नाही. लाकूड महाग होत जातं. एका वाद्यात कित्येक दिवस अडकतात आणि पैसे सुटतात ते वाद्य विकल्यावर. शिवाय 1979 मध्ये बंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला, आणि आता तर तो मोबाइलमध्येच आला. रियाजाला बसणाऱ्या विद्यार्थ्याला खराखुरा तंबोरा घेतल्याशिवाय चालू लागलं.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मिरजेच्या नावाला कायद्याचं संरक्षण आलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण मानांकन नाव राखतं. हात राखायला गिऱ्हाईक लागतं.

म्हणून ‘मुलं येतात का’ हा प्रश्न गल्लीतल्या पोरांना विचारून भागत नाही. फरीदसाहेबांच्या पिढीला कुणी वारसा जपायचा उपदेश केला नव्हता. संस्थानात गाणं होतं, वाद्यं लागत होती, कामाचे पैसे मिळत होते, म्हणून ते या कामाकडे वळले. मुलगा असो, मुलगी असो, की घराबाहेरचा एखादा शिकाऊ पोरगा, कुणाच्याही हातात कानस जाऊ शकते. त्याच्या कानाला किंमत देणारं कुणीतरी पलीकडे हवं.

तारांनी घोडीवर चरे पाडले की तंबोरा पुन्हा जवारीसाठी गल्लीत येतो. कारागीर तारा सैल करतो, घोडी घासतो, धागा सरकवतो आणि थांबतो. समोर बसलेल्या गाणाऱ्याकडे बघतो. तो मानेनं ‘हो’ म्हणाला तरच तारा पक्क्या होतात. ही मान हलवायला जोवर कुणी समोर येऊन बसतंय, तोवर कानस हातात घ्यायलाही कुणी ना कुणी येईल.