काळ्या रानातील मुरघास

उज्जैनच्या परिसरात गाय पाळणाऱ्याची खरी परीक्षा चैत्र-वैशाखात होते. पूर्वी इकडे खरिपात ज्वारी व मका पुष्कळ असे आणि कडब्याच्या गंजी पावसाळ्यापर्यंत पुरत. 1970 नंतरच्या काळात सोयाबीन पसरले. हाती पैसा आला, परंतु वैरण आटली. गव्हाच्या भुसाने पोट भरते, दूध वाढत नाही. या टंचाईवर मक्याचा मुरघास हा चांगला उपाय आहे.

मुरघास म्हणजे कुजका चारा नव्हे. कोंडलेल्या चाऱ्यातील हवा संपली की मक्याच्या साखरेवर काही जिवाणू वाढतात आणि दह्यात असते तेच आम्ल तयार करतात. त्या आंबटपणापुढे सडविणारे जंतू टिकत नाहीत. गव्हाणीतला म्हणून हा विषय क्षुद्र समजू नये. फ्रान्सच्या ऑग्युस्त गोफार यांनी 1877 मध्ये मक्याच्या मुरघासावर ग्रंथ लिहिला, आणि फिनलंडच्या विर्तानेन यांना 1945 चे नोबेल पारितोषिक मिळाले त्यात वैरण टिकविण्याच्या त्यांच्या पद्धतीचा मोठा वाटा होता.

मन घट्ट करावे लागते ते कापणीच्या वेळी. कणीस भरलेले दिसत असताना सबंध ताट कापायचे, हे शेतकऱ्याच्या जिवावर येते. पण दाणा पुरता वाळू दिला तर ताट कोरडे पडते, नीट दाबले जात नाही व बुरशी धरते. दाण्याचा वरचा अर्धा भाग टणक आणि खालचा अर्धा चिकाचा असेल, तो दिवस गाठावा. एक-दोन सेंटिमीटरची कुट्टी करून मुठीत आवळावी. पाणी ठिबकले तर मका अजून ओला आहे. गोळा लगेच विस्कटला तर उशीर झाला.

आता आपल्या जमिनीविषयी. काळी माती पावसात फुगते आणि सुकताना भेगाळते. कच्च्या खड्ड्याच्या भिंतीतून आधी पाणी शिरते, मागाहून हवा. म्हणून खड्डा विटा-सिमेंटचा बांधावा, नाहीतर उंचवट्यावर ढीग रचावा. एक-दोनच गाई असणाऱ्याला प्लास्टिकच्या जाड पिशव्या पुरे. दोन गाईंना रोज वीस-वीस किलोप्रमाणे चार महिन्यांस सुमारे पाच टन मुरघास लागतो. थोडी नासाडी धरून दहा घनमीटर जागा योजावी. पातळ थर देत ट्रॅक्टरने किंवा पायांनी तुडवावे, शक्यतो दोन दिवसांत भरणे संपवावे, आणि वर प्लास्टिक पसरून मातीचे ओझे ठेवावे. या कामी आळस केला की खालचा माल उत्तम आणि वरचा हातभर काळा, असा प्रकार होतो.

दीड महिन्याने एका बाजूनेच तोंड उघडावे व रोज तेथूनच थर काढावा. पिवळसर-हिरवा रंग व आंबूस वास असेल तर माल चांगला. बुरशी आलेला भाग गाईपुढे टाकू नये. प्रारंभी पाचच किलो द्यावा. आणि नव्याने भरलेल्या खोल खड्ड्यात कोणी उतरू नये, मुलांनी तर नाहीच. तेथे साठणारा वायू क्षणात माणसाला बेशुद्ध करतो.