पुढे पळायचं की पाठ धरायची?

५ सप्टेंबर १९७१ रोजी इटलीतल्या मोंझा ट्रॅकवर फॉर्म्युला वनच्या शर्यतीची शेवटची फेरी सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच गाड्या एकमेकींना चिकटून धावत होत्या. पीटर गेथिन हा इंग्रज चालक त्यांत चौथा होता. दुसऱ्या एखाद्या ट्रॅकवर शेवटच्या फेरीतल्या चौथ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नसतं. मोंझाचं गणित निराळं होतं. लांबलचक सरळ रस्ते आणि मोजकी वळणं असा तो ट्रॅक. पुढची गाडी हवा फोडत जायची आणि तिच्या पाठीमागे तयार झालेल्या विरळ हवेत शिरलेली गाडी तेवढ्याच ताकदीच्या इंजिनावर जास्त वेगाने पळायची. त्यामुळे पुढे असलेला चालक बिचारा मागच्या चौघांसाठी वाट मोकळी करून देण्याचं काम करायचा. आघाडी सतत हातोहात फिरत होती. शेवटच्या पाराबोलिका वळणावर गेथिनने गाडी आतल्या बाजूने घातली आणि रॉनी पीटरसनच्या पुढे अवघ्या ०.०१ सेकंदाने रेषा ओलांडली. पाचवा आलेला चालकसुद्धा विजेत्यापेक्षा ०.६१ सेकंदच मागे होता. गेथिनच्या आयुष्यातला हा एकमेव ग्रां प्री विजय. पुढच्या वर्षी मोंझाला वेग तोडणारी आडवळणं बसवली गेली आणि शेपटीला शेपूट लावून धावणाऱ्या त्या झुंडी संपल्या.

ट्रॅकवर गाडी चालवणाऱ्यांत एक जुना वाद आहे: जास्त मजा कशात, सगळ्यांत पुढे पळण्यात की पुढच्याची पाठ धरण्यात? जिंकायला पुढेच असावं लागतं, पण प्रश्न जिंकण्याचा नाही, मजेचा आहे. आणि मजेच्या बाबतीत पाठलागाचं पारडं जड आहे, असं शर्यतींचा इतिहास बारकाईने पाहिला की वाटू लागतं.

पहिलं कारण अगदी साधं आहे. पाठलाग करणाऱ्याला समोर काहीतरी दिसत असतं. पुढचा कुठे ब्रेक दाबतो, कोणत्या वळणात त्याची गाडी बाहेर फेकली जाते, वळणातून निघताना त्याचं मागचं चाक कुठे घसरतं, हे सगळं फेरीगणिक डोळ्यांपुढे उलगडत जातं. एका फेरीत हेरलेली कच्ची जागा पुढच्या फेरीत वापरून पाहता येते. जमलं नाही तर आणखी एक फेरी आहेच. पुढच्याच्या नशिबी मात्र मोकळा रस्ता आणि थरथरणारे दोन छोटे आरसे. त्या आरशांत मागची गाडी किती जवळ आली एवढंच कळतं. ती कोणत्या बाजूने घुसणार, ते कळत नाही.

हुआन मानुएल फांजिओने ४ ऑगस्ट १९५७ रोजी जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगवर जे केलं, त्याला अनेक जाणकार आजही शर्यतींच्या इतिहासातला सर्वांत मोठा पाठलाग मानतात. आयफेलच्या डोंगरांतून, झाडीतून, चढउतारांवरून जाणारी जवळपास २३ किलोमीटरची एक फेरी, अशा २२ फेऱ्या. फांजिओ तेव्हा ४६ वर्षांचा होता. त्याने मुद्दामच मसेरातीची टाकी अर्धी भरून शर्यत सुरू केली. गाडी हलकी ठेवायची, आघाडी घ्यायची आणि मध्ये थांबून पेट्रोल व टायर घ्यायचे, असा बेत होता. बाराव्या फेरीअखेर तो सुमारे अर्ध्या मिनिटाच्या आघाडीवर असताना पिटमध्ये आला आणि तिथे सगळं फिसकटलं. चाकाचं एक नट घरंगळून गाडीखाली गेलं आणि ते शोधण्यात वेळ गेला, असं सांगतात. तो बाहेर पडला तेव्हा फेरारीचे माइक हॉथॉर्न आणि पीटर कॉलिन्स त्याच्यापेक्षा पाऊण मिनिटाहून जास्त पुढे निघून गेले होते.

मग सुरू झाला तो पाठलाग. फांजिओने फेरीमागून फेरी ट्रॅकचा विक्रम मोडत नेला. सरावात त्याची सर्वांत वेगवान फेरी ९ मिनिटं २५.६ सेकंदांची होती, आणि त्या वेळेवर तो शर्यतीत पहिल्या जागेवरून सुटला होता. आता त्याने ९ मिनिटं १७.४ सेकंदांची फेरी काढली. स्वतःच्याच सर्वोत्तम वेळेतून आठ सेकंद कमी, तेही शर्यत संपत आल्यावर. एरवी ज्या वळणांना खालचा गिअर टाकायचा तिथे त्या दिवशी वरच्याच गिअरमध्ये जात होतो, असं त्याने नंतर सांगितलं. एकविसाव्या फेरीत त्याने आधी कॉलिन्सला आणि मग हॉथॉर्नला मागे टाकलं आणि ३.६ सेकंदांनी शर्यत जिंकली. हा त्याचा शेवटचा ग्रां प्री विजय. त्याच विजयाने पाचवं विश्वविजेतेपदही त्याच्या नावावर लागलं. आपण आयुष्यात कधी अशी गाडी चालवली नव्हती आणि पुन्हा चालवायची इच्छाही नाही, अशा अर्थाचं तो बोलला. अर्ध्या मिनिटाची आघाडी टिकली असती तर हा वेग त्याने स्वतःतून कधीच बाहेर काढला नसता. तो पुढे पळणाऱ्या त्या दोन लाल गाड्यांनी काढून घेतला.

एकट्याने पुढे असण्याचं दुखणं १९८८ सालच्या मोनाकोत दिसलं. आयर्टन सेनाने सरावात आपलाच सहकारी अलां प्रोस्ट याच्यापेक्षा जवळजवळ दीड सेकंद वेगवान फेरी काढली होती. शर्यतीत प्रोस्ट बराच काळ गेरहार्ड बर्गरच्या फेरारीमागे अडकला आणि सेना पन्नासेक सेकंद पुढे गेला. बर्गरला मागे टाकल्यावर प्रोस्ट वेगात आला, तसा सेनाही ईर्ष्येने वेगवान फेऱ्या काढू लागला. दोघांनी आता जोर कमी करावा, असा त्यांच्या मॅक्लारेन संघाच्या पिटमधून निरोप गेला. सेनाने वेग कमी केला आणि ६७ व्या फेरीत पोर्तिए वळणावर गाडी कठड्याला लावली. मागे कुणी नव्हतं, पुढे कुणी नव्हतं, धोका कुठलाच नव्हता. गाडीतून उतरून तो थेट मोनाकोतल्या आपल्या घरी निघून गेला. शर्यत प्रोस्टने जिंकली.

मात्र आघाडीची एक दुसरीही जात आहे, आणि ती पाहिल्यावर पाठलागाच्या कैवाऱ्यांनाही थांबून विचार करावा लागतो. २१ जून १९८१, माद्रिदजवळचा हारामा ट्रॅक. जिल व्हिलनव्हची फेरारी सरळ रस्त्यावर दणकट, पण वळणात अगदीच बेभरवशाची. टर्बो इंजिनाची ताकद अमाप, गाडीचा सांगाडा त्या ताकदीला न पेलणारा. सातव्या जागेवरून सुटून तो पहिल्या वळणापर्यंत तिसरा झाला. लगेच कार्लोस रॉयटमनला मागे टाकून दुसरा झाला. चौदाव्या फेरीत आघाडीवरचा अ‍ॅलन जोन्स स्वतःच्या चुकीने ट्रॅकबाहेर गेला आणि व्हिलनव्ह पहिला झाला. शर्यत ८० फेऱ्यांची होती.

उरलेला सगळा वेळ एकच दृश्य फेरीफेरीला घडत राहिलं. वळणं आली की मागच्या गाड्या त्याच्या मानगुटीवर बसायच्या आणि सरळ रस्ता आला की फेरारी इंजिनाच्या जोरावर तीनचार गाड्यांचं अंतर काढायची. त्याच्यापेक्षा वळणांत स्पष्टपणे वेगवान असलेले जाक लाफित, जॉन वॉटसन, रॉयटमन आणि एलिओ दे अँजेलिस असे चौघे एका रांगेत अडकले. व्हिलनव्ह वेगवान नव्हता. तो चुकत नव्हता, एवढंच. वळणात गाडी नेमकी आडवी येईल अशी ठेवायची, बाहेर पडताना चाक घसरू द्यायचं नाही, आणि सरळ रस्त्याची सुरुवात प्रत्येक फेरीत तितकीच स्वच्छ करायची. पाठलाग करणाऱ्याला एक चूक परवडते, दहा चुकाही परवडतात. पुढच्याला एकही नाही. शेवटी पाचही गाड्या १.२४ सेकंदात रेषेपार झाल्या आणि लाफित ०.२२ सेकंदाने हरला. व्हिलनव्हचा हा शेवटचा विजय ठरला. पुढच्या वर्षी झोल्डरला झालेल्या अपघातात तो गेला.

ही मजा होती का? मजेपेक्षा ती कसोटी जास्त होती. कौशल्याच्या तराजूत हारामाची आघाडी न्यूरबुर्गरिंगच्या पाठलागाइतकीच भरते, कदाचित कणभर जास्तच. पण त्यातला आनंद चालकाला बहुधा शर्यत संपल्यावर मिळतो. पाठलागाचा आनंद चालू शर्यतीत मिळतो, हा मोठा फरक आहे.

एकाच ट्रॅकवर त्याच दोन चालकांनी दोन्ही बाजू भोगल्याचं उदाहरण इटलीतल्या इमोलाचं. २००५ साली फर्नांदो अलोन्सो पुढे होता आणि तेराव्या जागेवरून सुटलेला मायकेल शूमाकर कितीतरी जास्त वेगाने त्याच्यावर चालून आला होता. अलोन्सोने अखेरच्या फेऱ्यांत त्याला दारच उघडू दिलं नाही आणि ०.२१५ सेकंदाने शर्यत राखली. (योगायोग असा की १९९२ साली मोनाकोच्या अरुंद रस्त्यांवर सेनाने नायजेल मॅन्सेलला थोपवून धरलं, तेव्हाही फरक ०.२१५ सेकंदाचाच होता.) २००६ साली इमोलालाच भूमिका बदलल्या. शूमाकर पुढे, अलोन्सो मागे. या वेळी अलोन्सोला वाट सापडली नाही आणि तो दोन सेकंदांनी हरला.

वेगवान असूनही वाट का सापडत नाही, याचं उत्तर पुन्हा हवेत आहे. सरळ रस्त्यावर पुढच्या गाडीमागची विरळ हवा मदत करते, पण वळणात तीच हवा दगा देते. आधुनिक शर्यतीच्या गाड्यांना त्यांचे पंख आणि पोटाखालची रचना जमिनीकडे दाबून धरतात, आणि त्यासाठी स्वच्छ, संथ हवा लागते. पुढच्या गाडीने घुसळून टाकलेल्या हवेत हा दाब घटतो, पुढची चाकं घसरतात, टायर तापतात आणि पाठलाग करणाऱ्याला नाइलाजाने मागे सरावं लागतं. फॉर्म्युला वनने स्वतः दिलेल्या आकड्यांनुसार २०२१ पर्यंतच्या गाड्या दहा मीटर अंतरावर आपला ४६ टक्के दाब गमावत होत्या. २०२२ साली गाड्यांची रचना मुळातून बदलली, ती हे प्रमाण १८ टक्क्यांवर आणण्यासाठी. त्याआधी २०११ पासूनच पुढच्यापेक्षा एका सेकंदाच्या आत असलेल्या चालकाला मागच्या पंखाची फळी उघडून जास्तीचा वेग घेण्याची मुभा दिली गेली होती. पाठलाग मेला तर खेळच मरेल, हे नियम करणाऱ्यांनाही पटलं होतं. पाठलाग नसला की काय होतं, ते भारतीय प्रेक्षकांनी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर अनुभवलंही. २०११ आणि २०१२ या दोन्ही वर्षी सेबास्टियन व्हेटलने साठच्या साठ फेऱ्या आघाडीवर राहून शर्यत जिंकली. चालक म्हणून निर्दोष कामगिरी, पण पहिल्या जागेसाठी झुंज अशी फारशी झालीच नाही.

फॉर्म्युला वनच्या खालोखालच्या फॉर्म्युला टूमध्ये तर पाठलाग नियमातच बसवला आहे. २०२० साली तिथे मुख्य शर्यतीतल्या पहिल्या आठ जणांना दुसऱ्या दिवशीच्या छोट्या शर्यतीत उलट क्रमाने उभं करत. काल जिंकलेला आज आठवा. ६ डिसेंबरला बहरीनच्या साखीर ट्रॅकवर या नियमाने मुंबईच्या जेहान दारूवालाला दुसरी जागा मिळाली. आदल्या दिवशी त्याच्या पुढे असलेले आता त्याच्या मागून येणार होते. त्यांना मागे ठेवून तो जिंकला. जपानचा युकी त्सुनोदा दुसरा आला. फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा जेहान पहिला भारतीय.

हे सगळं मोठ्या चालकांचं झालं. पण चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला किंवा बुद्ध सर्किटला आपली नेहमीची गाडी घेऊन ट्रॅक डेला उतरणाऱ्या हौशी माणसालाही हा फरक कळतो. तिथे शर्यत नसते. ओलांडायला बहुधा सरळ रस्त्यावरच परवानगी असते, आणि बऱ्याच ठिकाणी पुढच्याने हात दाखवून वाट दिल्यावरच. नवख्यासाठी अनुभवी चालकाच्या मागे राहणं हा सर्वांत चांगला धडा असतो. कोणत्या खुणेपाशी त्याचे लाल दिवे पेटतात, वळणाच्या आतल्या कडेला तो किती उशिरा पोहोचतो, हे मागून स्पष्ट दिसतं. फक्त नजर त्याच्या बंपरवर खिळू देऊ नये. ती खिळली की पुढचा चुकून बाहेर गेला तर मागचाही त्याच्यामागोमाग वाळूत जातो. पुढच्या गाडीच्या काचांमधून पलीकडचं वळण शोधत राहायचं. चारपाच फेऱ्यांनंतर प्रशिक्षक वाट देऊन स्वतः मागे येतो, तेव्हा तेच वळण एकदम अनोळखी वाटतं. पुढे दिवे नसतात, ब्रेक कधी दाबायचा हे स्वतःच ठरवावं लागतं, आणि बहुतेक जण पहिल्या फेरीत तो जरा लवकरच दाबतात.