मोकळी जागा आणि आपली प्रकृती

‘रोज अर्धा तास चाला,’ हा सल्ला मी दवाखान्यात दिवसातून दहा-बारा जणांना तरी देतो. कुणाचा रक्तदाब वाढलेला असतो, कुणाला मधुमेह असतो, कुणाला झोप येत नाही. औषधे निरनिराळी असतात, सल्ला मात्र एकच. अलीकडे त्यावर हमखास प्रश्न येतो, ‘डॉक्टर, चालायचे कुठे?’ प्रश्न रास्त आहे. रस्त्याला पदपथ नाही, आणि जे मैदान होते तेथे प्लॉट पडले.

मैदान, टेकडी किंवा आमराई वाचवण्यासाठी रहिवासी सह्या गोळा करू लागले की, ‘हे लोक विकासाच्या आड येतात,’ असे म्हटले जाते. या वादाला राजकारणाची बाजू आहे, तशी आरोग्याचीही आहे. आज तिचा विचार करू.

शरीराला काय मिळते?

चालताना पायांचे व मांड्यांचे मोठे स्नायू रक्तातील साखर वापरतात, म्हणून नियमित चालणाऱ्याची शुगर लवकर आटोक्यात येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा आणि मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे खेळावे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत आणि १३ कोटींहून अधिक लोक त्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या लोकांना व्यायामशाळेची फी परवडणार नाही. मैदानाला फी नसते.

मुलांच्या डोळ्यांचेही तसेच. लहान वयात चष्मा लागण्याचे प्रमाण वाढते आहे. रोज सुमारे दोन तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांत लघुदृष्टीचा दोष कमी आढळतो. घरातला दिवा कितीही लख्ख असला तरी बाहेरच्या उजेडाची बरोबरी करू शकत नाही.

तिसरी गोष्ट उन्हाळ्याची. सिमेंट आणि डांबर दिवसभर तापतात आणि रात्री ती उष्णता बाहेर टाकत राहतात. झाडे सावली देतात व पानांतून पाण्याची वाफ सोडून हवा थंड ठेवतात. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री निवण्याची संधी मिळावी लागते. ती मिळाली नाही तर म्हातारी माणसे, तान्ही मुले आणि हृदयरोगी यांना उष्माघाताचा धोका वाढतो.

मनाचे काय? रॉजर उलरिक या संशोधकाने १९८४ साली अमेरिकेतील एका रुग्णालयातील पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, निम्म्यांना विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान होता, पण पुढे अशा संशोधनाला त्यातून चालना मिळाली.

घरेही हवीतच

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. घर हीसुद्धा आरोग्याची गरज आहे. एका खोलीत सात-आठ माणसे राहतात तेथे क्षय आणि खोकला सहज पसरतो, हे आम्ही डॉक्टर रोज पाहतो. तेव्हा घरांना विरोध करणे शहाणपणाचे नाही. प्रश्न जागेचा आहे. घरासाठी दुसरी जागा शोधता येते, जुन्या वाड्याच्या जागी इमारत उभी करता येते. टेकडी किंवा पन्नास वर्षांचे वडाचे झाड दुसरीकडे नेता येत नाही.

पुणे आणि बंगळूर

पुण्याचे उदाहरण पाहा. १९९७ साली शहराच्या हद्दीत २३ गावे आली. तेथील टेकड्यांवर व उतारांवर बांधकामाचा डोळा होता. नागरिकांनी चळवळ केली, आणि २००५ साली महापालिकेने सुमारे ९७८ हेक्टर जमिनीवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण सुचवले. राज्य सरकारच्या मंजुरीला २०१५ साल उजाडले. जमीनमालकांना मोबदला म्हणून ८ टक्के टी.डी.आर. देण्याचे ठरले. मालकांना तो अपुरा वाटला, जमिनी ताब्यात घेण्याचे काम रेंगाळले आणि काही उतारांवर बेकायदा बांधकामे झाली. म्हणजे नकाशावर हिरवा रंग भरल्याने काम संपत नाही. जमीनमालकाला योग्य मोबदला मिळणे हाही न्यायाचाच भाग आहे.

दुसरे उदाहरण माझ्या पेशाशी संबंधित. बंगळूरच्या एका वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली. रहिवासी कोर्टात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. उद्यान सर्वांसाठी असते, खासगी रुग्णालय त्याची जागा घेऊ शकत नाही, आणि जागेची मालकी नसली तरी रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे, असा त्याचा आशय. डॉक्टर असूनही मला हा निकाल पटतो. रुग्णालयाचे काम माणूस आजारी पडल्यावर सुरू होते, उद्यानाचे त्याआधी.

आपण काय करावे?

१) नगरपालिकेत जाऊन गावाचा विकास आराखडा पाहा. कोणत्या सर्व्हे नंबरवर क्रीडांगणाचे किंवा बागेचे आरक्षण आहे, ते लिहून घ्या.

२) आरक्षण बदलायचे असेल तर हरकती व सूचना मागवणारी नोटीस निघते. तीत दिलेल्या मुदतीच्या आत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मुदत टळल्यावर काढलेल्या मोर्चाचा उपयोग कमी.

३) आरक्षित जमीन आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेने पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपते. राज्याच्या नगररचना कायद्यात ही तरतूद कलम १२७ मध्ये आहे. गावोगावची कित्येक मैदाने कुणी विकायला न काढताही अशीच हातची गेली. म्हणून अंदाजपत्रकात संपादनासाठी तरतूद झाली की नाही, हे नगरसेवकाला दरवर्षी विचारा.

४) आपल्या वसाहतीच्या ले-आउटमधील ओपन स्पेस कुठे आहे ते शोधा. मोठ्या ले-आउटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. पुष्कळदा तेथे गाळे उभे राहतात, किंवा एखाद्याच्या वाळूचे ढीग पडतात.

५) मैदान वापरात ठेवा. कचरा, राडारोडा आणि साचलेले पाणी यांनी भरलेल्या जागेत डासांची पैदास होऊन डेंग्यू, मलेरिया पसरतात. मग ‘पडीक जागा आहे, घरे झाली तर बरे,’ असे लोकच म्हणू लागतात. सकाळी फिरणारे, संध्याकाळी खेळणारी मुले आणि बाकावर बसणारे आजी-आजोबा हेच मैदानाचे खरे राखणदार.

लस टोचून घेण्यासाठी आपण आजाराची वाट पाहत नाही. मैदानाचेही तसेच आहे. मोजणीची साखळी तेथे येण्यापूर्वी, आराखडा कागदावर आहे तोवरच, हालचाल केली पाहिजे. या आठवड्यात वेळ काढून एकदा पालिकेत जाऊन या, आणि जाताना शेजाऱ्यालाही बरोबर घ्या.