घाव वाटून घेण्याचं शास्त्र

दुचाकीवर बसलेल्या माणसाचं डोकं रस्त्यापासून साधारण दीड मीटर उंचावर असतं. गाडी जागच्या जागी उभी असताना नुसता तोल गेला, तरी ते ताशी जवळपास वीस किलोमीटर वेगानं डांबरावर आदळू शकतं. आता एक सोपा भागाकार करा. पडण्याची उंची भागिले डोक्याला थांबायला मिळालेलं अंतर. उत्तर म्हणजे डोक्याला बसणारा सरासरी झटका, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत. उघड्या डोक्याला थांबायला कातडी आणि हाड मिळून तीनेक मिलिमीटर मिळतात असं धरू. दीड मीटर भागिले तीन मिलिमीटर, म्हणजे पाचशे पट. हेल्मेटचा आतला थर अडीच सेंटिमीटर दबला, तर तोच झटका साठ पटीवर येतो. थांबायला लागणारा वेळ एका सहस्रांश सेकंदावरून नऊ सहस्रांशांवर जातो. पापणी लवायलासुद्धा याहून दहापट वेळ लागतो, पण मेंदूला तेवढी सवड पुष्कळ होते.

ही सवड देणारा पदार्थ कोणता? टीव्हीच्या खोक्यातून निघतो तो थर्माकोल! हेल्मेटमध्ये तो अधिक घट्ट असतो, इतकंच. त्यात बहुतांश हवाच असते. आघात झाला की त्याचे हजारो बारीक कप्पे चिरडत जातात आणि डोक्याकडे निघालेली ऊर्जा त्या चिरडण्यात खर्ची पडते. बाहेरचं कडक कवच आघात एका बिंदूवर न ठेवता पसरवतं. चिरडलेले कप्पे मात्र पुन्हा फुगत नाहीत. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चकचकीत दिसलं तरी बदलायचंच. दुसरी गोष्ट, थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतो. हेल्मेट पेट्रोलच्या फडक्यानं किंवा थिनरनं कधीही पुसू नका. साबणाचं पाणी पुरतं.

हेल्मेट जीव वाचवतं हे मोजून दाखवायला एका प्रसिद्ध माणसाचा मृत्यू कारण ठरला. 13 मे 1935 रोजी इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात दोन सायकलस्वार मुलांना चुकवताना टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, मोटारसायकलवरून फेकला गेला. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवसांनी तो गेला. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यविशारद होते. त्यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा पाठपुरावा केला आणि 1941 मध्ये हेल्मेटची बाजू मांडणारा लेख प्रसिद्ध केला. ब्रिटनमध्ये हेल्मेटसक्ती आली ती 1973 मध्ये. केर्न्स त्याआधीच, 1952 मध्ये वारले होते. आपल्याकडे पुण्यात या सक्तीविरुद्ध मोर्चे निघाले, पण भागाकाराचं उत्तर मोर्चानं बदलत नाही.

खरेदी करताना आयएसआयचं चिन्ह आणि त्याच्या वरचा आयएस 4151 हा क्रमांक पाहा. 1 जून 2021 पासून देशात दुचाकीस्वारांसाठी याशिवायचं हेल्मेट विकताच येत नाही. तरी ते पदपथावर मिळतं, म्हणून पाहायचं. गाल किंचित दाबले गेले पाहिजेत आणि मान हलवल्यावर हेल्मेट मागे राहता कामा नये. पट्टा लावलेला नसेल, तर पहिल्याच हिसक्याला ते उडून जातं. डबलसीट बसणाऱ्यालाही हाच भागाकार लागू आहे.

खाली पडण्याचा वेग हेल्मेट सांभाळतं, पण पुढे जाण्याचा वेग उरतोच. ताशी साठच्या वेगात गाडी घसरली तर माणूस डांबरावर वीसेक मीटर घासत जाऊ शकतो. साधी जीन्स त्यातले सुरुवातीचे काही मीटरच सोबत करते. मोटारसायकलसाठी बनवलेलं चामडं किंवा जाड विणीचं जॅकेट ते घर्षण स्वतःच्या अंगावर घेतं. पडताना आपण हात पुढे टाकतो, आणि तळवा रस्त्याला चिकटला की मनगट मोडतं. म्हणून चांगल्या हातमोज्यांच्या तळव्याला गुळगुळीत पट्टी असते, म्हणजे हात अडकत नाही, सरकतो.

आता खिशातलं संरक्षण, म्हणजे विमा. तत्त्व तेच. हेल्मेट आघात वेळेत आणि जागेत पसरवतं, विमा तो असंख्य गाडीमालकांमध्ये पसरवतो. 2022 मध्ये ठरलेल्या दरानुसार 75 ते 150 सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता कर सोडून वर्षाला 714 रुपये. तेवढ्यात, तुमच्या गाडीनं कुणी अनोळखी माणूस दगावला किंवा जखमी झाला, तर न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई विमा कंपनी देते, आणि त्या रकमेला कायद्यानं कमाल मर्यादा नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र दुचाकीसाठी एक लाखाची मर्यादा आहे.

गैरसमज होतात ते इथेच. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. त्यामुळे पाच वर्षं सगळंच सुरक्षित, असं अनेकजण धरून चालतात. प्रत्यक्षात गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा आणि चोरीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा असतो. तुमच्या स्वतःच्या इजेचाही थर्ड पार्टीत समावेश नाही. त्यासाठी 15 लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण वेगळं असतं. आणि नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसलेली व्यक्ती येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये स्पष्ट केलं आहे. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे थर्ड पार्टीसोबत गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचाही भाग असलेल्या पॉलिसीत, ती येते.

क्लेम न केल्याबद्दल मिळणारा नो क्लेम बोनस पहिल्या वर्षी 20 टक्के असतो आणि वाढत वाढत 50 टक्क्यांपर्यंत जातो. तो गाडीचा नसून मालकाचा असतो, त्यामुळे गाडी विकली तरी नव्या गाडीवर नेता येतो. किरकोळ ओरखड्यासाठी तो घालवू नका. पॉलिसी संपून नव्वद दिवस उलटले की तो जातो.

आज घरी गेल्यावर पॉलिसी उघडा आणि तीन गोष्टी तपासा: स्वतःच्या नुकसानीचा भाग कधी संपतो, वैयक्तिक अपघात संरक्षण आहे का, आणि ज्या माणसाला तुम्ही रोज मागे बसवता त्याचा त्यात समावेश आहे का. नसेल, तर उद्याच पॉलिसी बदलून घ्या, आणि त्याच फेरीत त्याच्यासाठी हेल्मेटही आणा.