सुगम्य शहर : दिव्यांग व्यक्तींचा संचारहक्क आणि नगररचना

प्रस्तावना
शहरात वास्तव्य असणे आणि शहराचा वापर करता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात २.६८ कोटी, तर महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यानंतर २०१६ च्या अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले. म्हणजे या प्रश्नाची व्याप्ती त्या आकड्यांहून मोठी आहे. शिक्षण, रोजगार व आरोग्यसेवा यांवरील प्रत्येक हक्क घराबाहेर पडता येण्यावर अवलंबून असतो. म्हणून सुगम्यता ही इतर हक्कांची पूर्वअट ठरते. प्रस्तुत लेखात पुण्याच्या संदर्भाने या प्रश्नाचा विचार केला आहे.

कायदेशीर चौकट
१९९५ च्या अधिनियमात उतरण आणि श्रवणीय सिग्नल यांसारख्या सुविधांची तरतूद होती. परंतु ती शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत होती. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला अनुसमर्थन दिले. त्याच्या नवव्या अनुच्छेदाने सुगम्यता हे राज्यसंस्थेचे दायित्व मानले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा याच करारावर आधारलेला आहे. त्याच्या कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्यास बांधकाम परवानगी देता येत नाही, तसेच बांधकामपूर्तीचे प्रमाणपत्रही देता येत नाही. कलम ४५ ने अस्तित्वातील सार्वजनिक इमारतींना नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ही मुदत जून २०२२ मध्येच संपली.

तरीही स्थिती फारशी का बदलली नाही? याचे एक कारण सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणातील ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात दाखवून दिले. कायद्याला बंधनकारक नियम अपेक्षित असताना नियम १५(१) मध्ये केवळ शिफारसवजा मार्गदर्शक तत्त्वांचा संदर्भ देण्यात आला होता. न्यायालयाने तो उपनियम अधिनियमाशी विसंगत ठरवला आणि किमान बंधनकारक निकष वेगळे करून तीन महिन्यांत नियम करण्याचे निर्देश दिले.

प्रवासाची साखळी
दुसरे कारण नियोजनाच्या पद्धतीत आहे. सुगम्यता ही सुटी वस्तू नसून साखळी आहे. घराचा उंबरठा, पदपथ, रस्ता ओलांडण्याची जागा, बसथांबा, बस आणि इमारतीचे प्रवेशद्वार यांपैकी एक कडी तुटली तरी उरलेल्या सर्व कड्या निरुपयोगी ठरतात. पुण्यात २०१५ मध्ये सुरू झालेल्या रेनबो बीआरटीची स्थानके बसच्या तळाशी समपातळीत बांधण्यात आली. व्हीलचेअरसाठी हे मोठेच पाऊल होते. परंतु स्थानक रस्त्याच्या मध्यभागी असल्याने तेथे पोहोचण्यासाठी वाहत्या रहदारीतून जावे लागते. म्हणजे अडथळा बसच्या दारातून पदपथाच्या कडेला सरकला. पदपथ महानगरपालिकेचा, बस परिवहन कंपनीची, स्थानक रेल्वेचे किंवा मेट्रोचे आणि प्रवेशद्वार खाजगी मालकाचे. साखळी बहुधा तुटते ती या अधिकारक्षेत्रांच्या सांध्यांवर.

तपशिलाचे महत्त्व
या क्षेत्रात सदिच्छेपेक्षा मोजमाप निर्णायक ठरते. उतरणीचा मान्य ढाळ १:१२ आहे. म्हणजे ४५० मिलिमीटर उंचीच्या तीन पायऱ्यांसाठी किमान ५.४ मीटर लांबीची उतरण लागते. तीच उतरण दीड मीटरमध्ये बसवली तर ती सामानाच्या हातगाडीला कदाचित उपयोगी पडेल. व्हीलचेअरला मात्र धोकादायक ठरेल. स्पर्शज्ञेय फरशीची कल्पना जपानमधील सेइची मियाके यांनी मांडली आणि १९६७ मध्ये ओकायामा येथे ती प्रथम बसवण्यात आली. तिच्यावरील लांब रेषा पुढे जाण्याचा मार्ग दाखवतात, तर ठिपके थांबण्याची सूचना देतात. ही भाषा ठाऊक नसलेल्या कंत्राटदाराने ती केवळ शोभेसाठी बसवली, तर फरशीचा मार्ग विजेच्या खांबावर जाऊन संपतो आणि अंध व्यक्तीची दिशाभूल होते. पदपथावर दुचाकी येऊ नयेत म्हणून रोवलेले खांब फार जवळ असले, तर ते व्हीलचेअरलाही अडवतात.

महाविद्यालयांची भूमिका
अधिनियमातील 'सार्वजनिक इमारत' या संज्ञेत शैक्षणिक इमारतींचा समावेश होतो. कलम ३२ नुसार शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांनी लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखणे आवश्यक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२२ मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेची मानके प्रसिद्ध केली. मात्र प्रवेश मिळाला आणि वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरला, तर आरक्षण कागदावरच राहते. उद्वाहन बसवणे खर्चाचे असेल. पण संबंधित विद्यार्थ्याचा वर्ग वेळापत्रकातच तळमजल्यावर घेण्यास खर्च येत नाही. भूगोल, समाजशास्त्र व राष्ट्रीय सेवा योजना या विभागांना एकत्र येऊन बसथांब्यापासून ग्रंथालयापर्यंतच्या मार्गाचे लेखापरीक्षण करता येईल. त्यात दिव्यांग विद्यार्थी केवळ लाभार्थी नसावेत, परीक्षक असावेत.

निष्कर्ष
सुगम्य रचनेचा लाभ वृद्ध, गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांनाही होतो, हे खरे आहे. तथापि केवळ त्या लाभाच्या आधारे तिचे समर्थन करणे अपुरे आहे. बहुसंख्यांचा फायदा नसता तरी हा हक्क अबाधितच राहिला असता. कायदा उपलब्ध आहे, मोजमापेही निश्चित आहेत. आता गरज आहे ती संपूर्ण प्रवासाची जबाबदारी घेणाऱ्या, विविध यंत्रणांना एकत्र बांधणाऱ्या स्थानिक व्यवस्थेची आणि त्या व्यवस्थेत दिव्यांग नागरिकांच्या निर्णायक सहभागाची.