निरोगी रक्ताची साक्ष

ऑक्टोबर छाटणीनंतर पलूस तालुक्यातील द्राक्षबागांत भुरीच्या बंदोबस्तासाठी हेक्झाकोनॅझोलसारखी जी औषधे फवारली जातात, त्यांच्याच ट्रायझोल कुळातील इट्राकोनॅझोल हे औषध, पावसाळ्यात ओल्या कपड्यांनी राबून जांघेत वा कमरेला गजकर्ण उठलेल्या मनुष्यास डॉक्टर पोटात घ्यावयास देतात. परंतु फवारा बुरशी वाढते त्या पानावरच पडतो, आणि कॅप्सूलला मात्र जठर, आतडी, यकृत व रक्त एवढी वाट तुडवून त्वचेपर्यंत जावे लागते. ही वाट सर्वच औषधांना साधत नाही. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये सापडलेले हॅमायसिन बुरशीचा नाश करण्यात समर्थ असूनही मुख्यतः बाहेरून लावण्यापुरतेच उरले. पोटात घेतलेल्या औषधाचा किती अंश रक्तात उतरतो, याचा हिशेब ज्यांच्या रक्तातून मांडला जातो, ते बहुधा रुग्ण नसून धडधाकट स्वयंसेवक असतात.

निरोगी माणसास औषध कशासाठी द्यावयाचे, ही शंका रास्त आहे. रुग्णाचे शरीर ज्वराने, क्षीणतेने व इतर औषधांच्या सरमिसळीने इतके अस्थिर झालेले असते, की रक्तात औषध कमी आढळले तर दोष कॅप्सूलचा की व्याधीचा, याचा निवाडा होत नाही. म्हणून स्वयंसेवकास रात्रभर उपाशी ठेवून, किंवा अन्नाचा परिणाम पाहावयाचा असल्यास ठराविक न्याहारी देऊन, मोजक्या पाण्याबरोबर मात्रा दिली जाते, ती गिळली की नाही हे तोंड उघडावयास लावून पाहिले जाते, आणि हाताच्या शिरेत बसविलेल्या बारीक नळीतून ठरल्या वेळी रक्ताचे नमुने घेतले जातात; आरंभी लगोलग, कारण औषध शिगेला पोहोचण्याचा क्षण हुकता कामा नये, आणि पुढे अंतराअंतराने. काही काळाने त्याच इसमास दुसऱ्या कंपनीचे तेच औषध देतात, म्हणजे तुलना एकाच देहात होते. मधली मुदत औषधागणिक बदलते: फ्लुकोनॅझोल निम्म्यावर यावयास सुमारे 30 तास लागतात, सबब ते रक्तातून जवळजवळ नाहीसे होण्यास आठवडा द्यावा लागतो. स्वस्त कॅप्सूल महाग कॅप्सूलच्या जागी निर्धास्तपणे देता येते, ती या परीक्षेच्या बळावर.

इट्राकोनॅझोलच्या नेहमीच्या कॅप्सूलला विरघळण्यासाठी जठरातील आम्ल लागते. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या थायलंडमधील एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना आम्लपित्तावरील ओमेप्राझोल दिले असता, रक्तात उतरणारे इट्राकोनॅझोल सुमारे दोन तृतीयांशांनी घटले. गजकर्ण हटत नाही म्हणून महिनोन्महिने त्रासलेल्या माणसाला या एका निरीक्षणाचे मोल कळेल.

अशा चाचणीत स्वयंसेवकास आरोग्याचा काडीइतका लाभ नसतो, मोबदला तेवढा मिळतो. आणि ज्याच्या घरी पैशाची नड आहे, त्याची संमती कितपत मोकळी, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भारतातील औषध-चाचण्यांविषयीच्या 2019 च्या नियमांनी नैतिकता समितीची मंजुरी, लेखी संमती आणि इजा झाल्यास उपचार व भरपाई बंधनकारक केली आहे. मात्र संमतीपत्र त्याला समजेल अशा मराठीत वाचून दाखविले गेले पाहिजे, आणि कोणत्याही टप्प्यावर कारण न सांगता बाहेर पडण्याची मुभा त्याला आधीच स्पष्ट सांगितली गेली पाहिजे. या बाबतीत हयगय अक्षम्य होय.

वाचकांनी एवढे अवश्य करावे: डॉक्टरांनी इट्राकोनॅझोलची नेहमीची कॅप्सूल लिहून दिली, तर ती भरल्या पोटी घ्यावी, आणि पित्ताची गोळी चालू असल्यास ते त्यांना आधी सांगावे.